मागून कोण म्हणणार?

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सुशिलाकाकी सापडली! इथेच, गोंदियात! माझ्या खोलीपासून चालत बारा मिनिटांवर राहते — आणि मला वर्षभर पत्ता नाही.

औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढच्या बाईने वळून पाहिलं आणि म्हणाली, "शामकलाची पोर न वं तू? नाकावरून ओरखली." मी तिथेच वाकून पाया पडले. दुकानदार बघतच राहिला. त्याला काय माहीत त्याच्या काउंटरला कोण उभं आहे! तीस वर्षांपूर्वी हिच्या धान रोवण्याच्या गाण्यांच्या दोन कॅसेटी निघाल्या होत्या. अर्जुनीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात मिळायच्या. आमच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, एकही लग्न त्या कॅसेटीशिवाय लागलं नाही. सगळी गाणी तिची स्वतःची. शब्द तिचे, चाल तिची. आणि काकीला सहीशिवाय काही लिहिता येत नाही.

घरी येऊन जेवण सुचलं नाही. डोळ्यांपुढे बांधी आली — धानाच्या बांधीत वाकलेल्या बारा बायका, खोचलेले पदर, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बांधावर शिदोरीचा डबा धरून बसलेली. एक आवाज पुढे जायचा आणि मागून अकरा आवाज यायचे. ते ऐकत मला झोप लागायची. पऱ्ह्यांचा, धानाच्या रोपांचा ओला वास, डोक्यावर आईचं फडकं... असं सुख पुन्हा कुठे मिळालं नाही मला.

नवरा गेल्यावर काकीने गाणं सोडलं, एवढंच ऐकलं होतं. अकरा वर्षं झाली.


८ ऑक्टोबर

काकीकडे गेले. मुलगा देवेंद्र, सून, तिसऱ्या माळ्यावर दोन खोल्या. काकीने मला लिफ्टमधून मुद्दाम दोनदा वर-खाली फिरवलं. "पाह्य, पाह्य! मी उभीच हाय अन् घर खाली जाऊन रायलं!"

मी विचारलं, गाव आठवत नाही का?

"आठवते न. दात पडला का जीभ तिथंच जाते, तसा आठवते."

म्हणजे? ती उठून घर दाखवायला लागली. नळ दाखवला. गिझर दाखवला. म्हणाली, इथं बाजारात जाऊन चार कांदे घेतले तर कोणी विचारत नाही कायले आली, कोनासंग आली. हे तिने इतक्या आनंदाने सांगितलं की मला वाईट वाटलं. एवढी मोठी कलावंत, आणि कोणी ओळखत नाही याचा आनंद!

मग हळूच म्हणाली — पोटात सहा गाणी आहेत. नवी. इथे आल्यावर सुचलेली. अर्धी-अर्धीच आहेत.

अर्धी का?

"रांग नाई न वं. घरात बसून गाणं होत नाई. गाणं रांगेत होते."

तिची रीत अशी. ती ओळ फेकायची, रांगेने परत द्यायची. एकाही बाईने कंबर सरळ करून "का म्हणली बाई?" असं विचारलं, की ती ओळ गेली — चिखलात पायाखाली. पुन्हा म्हणायची नाही. आणि रांगेने परत देताना एखादा शब्द बदलला, तर बदललेला शब्द खरा. मग काकीही तोच म्हणणार. "मी एकटी. त्या अकरा. अकरा तोंडापुढं मी कोन?"

इथे कोण परत देणार? सून दार लावून घेते. देवेंद्र म्हणतो, आई, शेजारी ऐकतात.


१२ ऑक्टोबर

आज काकीला उमेंद्रच्या स्टुडिओत नेलं. उमेंद्र कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता. लग्नाची गाणी, भजनं, प्रचाराची गाणी, सगळं रेकॉर्ड करतो. त्याला हवी होती जुनी कॅसेट, नव्या म्युझिकमध्ये. "काकी, पुराना माल ही चलता है."

मीही मोठं भाषण दिलं. ही आपली संस्कृती आहे, आपली बोली आहे, ती जपली पाहिजे वगैरे. काकी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "जपाले मी का लोणचं आहो?"

उमेंद्र खुर्चीतून पडायचा बाकी होता.

शेवटी ठरलं — नवी सहा गाणी. २३ नोव्हेंबर, रविवार. नाव काकीनेच सांगितलं — 'तिसरा माळा'.


१३ ऑक्टोबर

शिकवणीच्या वर्गात व्याकरण शिकवत होते आणि मनात चालली होती लिफ्ट.


१५ ऑक्टोबर

मी काकीची रांग झाले!

शिकवणी संपली की तिच्या गॅलरीत जाते. ती ओळ म्हणते, एकदाच. मी घरी येते. दुसऱ्या दिवशी मी ती परत द्यायची. जी माझ्या तोंडात राहिली ती राहिली.

पण माझं पाठांतर! पहिल्याच दिवशी जिन्यातच निम्मं गळून गेलं. इतक्या सुंदर ओळी अशा वाऱ्यावर सोडायच्या? माझ्या मनाला पटेना. घरात पहिली पदवी माझी. बाबा बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात, माझी पोरगी बी.ए. आहे. मग लिहून ठेवणं हेच तर मी शिकले ना? वही केली. खाली उतरले की गेटजवळ उभी राहून उतरवते. दुसऱ्या दिवशी वर जाण्याआधी तिथेच वाचते.

आज एकही ओळ पडली नाही. काकी म्हणाली, "तुझं तोंड पक्कं हाय. मायवानी."

किती बरं वाटलं.


१८ ऑक्टोबर

स्टेशनचं गाणं आलं. सगळ्यांत सुंदर. काकी देवेंद्रसोबत गाडीला गेली होती, तिथे भोंग्यावरची बाई ऐकली. तिला वाटलं ती बाई कुठल्या तरी खोलीत बसलेली आहे आणि तिच्याच हुकमाने गाड्या हलतात. "का रुबाब हाय वं तिचा!"

गाडी येते, गाडी जाते, कोन सांगते बाई
तोंड तिचं या गोंदियात पाह्यलं कोनी नाई
नाव नाई, गाव नाई, आवाज तिचा खरा
तिनं म्हटल्याबिगर गाडी हालत नाई जरा

आणि पुढे —

कपाळ तिचं कोरं का भरलं, इचारत नाई कोनी
फलाटावर उभी दुनिया कान लावून दोनी

रात्रभर ते गुणगुणत होते. एकच खटकत होतं. गाव सोडून शहरात आलेल्या बाईचं गाणं — आणि त्यात गावाची आठवण कुठेच नाही? लिफ्ट आहे, नळ आहे, फलाट आहे. बांधी कुठे आहे? लोकांच्या काळजाला भिडणार कसं?

सकाळी वहीत शेवटची ओळ बदलून पाहिली —

आठव येते बांधीची अन् डोऱ्यात येते पानी

कोनी, पानी. जुळलं! लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले.

संध्याकाळी परत देताना तीच म्हटली. काकी थांबली. "असं आलं?"

"हो."

तिने गॅलरीतून खाली बघितलं. मग म्हणाली, "आलं त ठेव."

मी खोटं बोलले का? रांगेत शब्द बदलतातच की! आणि बदल चांगला आहे.


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गावी. टोल्यावर मंडईची जत्रा भरली, रात्री दंडारीचं नाटक झालं, जिलेबी खाल्ली, सगळं पहिल्यासारखं. पण मीच पाहुण्यासारखी वाटले. नंदाबाई म्हणाली, "काय मॅडम, चिखलात पाय टाकाल का आता?"

आईला सुशिलाकाकीचं सांगितलं. ती चुलीपुढे होती. एवढंच म्हणाली, "गाते अजून?"

"नवी गाणी केलीत! सहा!"

आई उठून बाहेर गेली. बाबा म्हणाले, धूर लागला असेल.


२९ ऑक्टोबर

सहाही गाणी पूर्ण! आता रोज उजळणी. सगळ्यांत मिळून मी चार ओळी बदलल्या. चारही गावाच्या. काकी प्रत्येक वेळी "असं आलं?" विचारते आणि ठेवते.


२ नोव्हेंबर

आजचं लिहायला हात धजत नाही.

काकी आज खाली गेटपाशीच उभी होती. भाजी आणायला उतरली होती. मला वही काढायला वेळच मिळाला नाही. लिफ्टमध्ये शिरलो. दार लागलं आणि ती म्हणाली, "दे वं ओळ. कालची."

माझं डोकं कोरं. पहिला शब्दसुद्धा आठवेना! हात आपोआप पिशवीत गेला. मी वही काढली. पान शोधलं. वाचलं.

लिफ्ट वर आली, दार उघडलं. काकी बाहेर पडली नाही. दार पुन्हा लागलं.

"वाचून रायली?"

मी मान हलवली.

"पयल्या दिवसापासून?"

"हो. पण काकी, एकही ओळ हरवू नये म्हणून —"

"हरवाचंच राहते! चांगली हरवत नाई, वाईट हरवते. तू समदीच पकडून ठेवली?" मग तिच्या लक्षात आलं. तोंडाचा रंगच बदलला. "मंग ते डोऱ्यातलं पानी... ते तोंडातून नाई आलं. पेनातून आलं."

मी वही मिटली.

"मले आवडलं नव्हतं. तरी ठेवलं. म्हटलं, रांगेनं बदललं, आपुन कोन? पोरी, माह्या डोऱ्यात पानी नाई. तुह्या डोऱ्यात हाय. तुले गाव पाहिजे, त तू जा."

मग ती उतरली. भाजीची पिशवी माझ्याच हातात राहिली. दाराशी ठेवून आले.


३ नोव्हेंबर

वही ट्रंकेच्या तळाशी टाकली.


६ नोव्हेंबर

तीन दिवस गेले नाही. आज गेले. काकीने स्वतः दार उघडलं, चहा दिला. रागावली नव्हती. ते जास्त लागलं.

पुन्हा पहिल्यापासून. तिने सहाही गाणी तिच्या मूळ शब्दांत म्हटली. वहीशिवाय मी परत द्यायला बसले. किती आल्या? अकरा ओळी. सहा गाण्यांत मिळून अकरा! स्टेशनच्या गाण्यातल्या दोनच.

मला वाटलं आता बाकीच्या गेल्या. काकी म्हणाली, "नाई. एका तोंडाची रांग होत नाई. तुझ्या तोंडात रायल्या नाई म्हणजे वाईटच असतील असं थोडी हाय. चार-पाच बाया पाहिजेत. माह्या हाताखालच्या."

म्हणजे टोल्यावरच्या. आई, नंदाबाई, त्या सगळ्या. रेकॉर्डिंगला सतरा दिवस आहेत.

मी म्हटलं, मी आणते. चूक माझी आहे. मी आणते.

काकी विचित्र हसली. "आन."


९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या बल्लारशा गाडीने गेले. धानकापणी जोरात आहे. सगळ्या बांधीतच होत्या. तिथेच विषय काढला. केवढा गोंधळ उडाला!

"स्टुडिओत एसी राहते म्हणते?"

"नंदे, तुले त पंख्यानं सर्दी होते."

"अन् आमचे फोटू येतीन का वं त्यात? मी ते हिरवं लुगडं नेसीन."

मला वाटलं जमलं! आई थोडी पुढे होती, विळा थांबवला नव्हता. मी म्हटलं, आई, तूही. तिने ऐकलंच नाही जणू. नंदाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "शामकला आली त आमी येऊ. रांग तिची हाय."

"येईल की. का नाही येणार?"

"कशी येईल?" नंदाबाईने पेंढी बांधता बांधता सांगून टाकलं. "पयलं गाणं तिनंच त हिसकलं सुशिलाचं. तुले नाई माहीत? तू त होती तिथं."

विळ्यांचा आवाज चालूच होता. आईचा मात्र थांबला.


१० नोव्हेंबर

आईने आज सांगितलं. अंगणात तांदूळ निवडत होती, माझ्याकडे न पाहता.

"सुशिलाचा मालक चैतात गेला. आखाडात रोवना निघाला. पयल्या दिवशी पयलं गाणं कुकवाच्या बाईनं धराचं, अशी रीत हाय आपल्या टोल्यात. तिनं पदर खोचला, नेहमीसारखी पुढं उभी रायली, तोंड उघडलं. बांधावरून कोनीतरी म्हटलं — शामकला, तू धर."

"आणि तू धरलंस."

"धरलं."

"कोणतं गाणं?"

"तिचंच. माह्याजवर दुसरं कुठं होतं?"

सूप थांबलं.

"ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी रायली. अन् मागून म्हणाली. एक ओळ सोडली नाई तिनं. माह्या पाठीत आवाज येऊन रायला होता तिचा, दिवसभर. दुसऱ्या दिवशी आली नाई. मंग कधीच नाई आली."

मी म्हटलं, चल ना माझ्यासोबत. तिला जाऊन सांग.

"का सांगू? माफ कर म्हणू? ती करन बी माफ. मंग मी तोंड कुठं ठेवू?"

यायला तयार नाही. मी रडले, चिडले, म्हटलं ही कसली रीत, माणूस मेला तो तिने मारला का? बाबा मध्ये पडले, म्हणाले, पोरगी शिकली म्हणून मायले असं बोलते का. आई म्हणाली, "बोलू द्या. बरोबर बोलून रायली."

गाडीत बसल्यावर आठवलं. तो दिवस! आई पहिल्यांदा रांगेच्या पुढे उभी राहिली तो दिवस — माझ्या लहानपणचा सगळ्यांत आवडता दिवस तोच आहे. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, माझी आई आता पुढे गाते. बारा वर्षांची होते. बांधावरचं ऊन, तो ओला वास, तो आवाज — सगळं खरं होतं. पण मागून येणारा एक आवाज कोणाचा आहे, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

आता ती आठवण मी कशी आठवू?


१२ नोव्हेंबर

काकीला सांगितलं. आई येणार नाही. म्हणून कोणीच येणार नाही. आणि मला आता सगळं माहीत आहे.

काकी भेंडी चिरत होती.

"मले वाटलं होतं. ती हट्टी हाय. आवाजबी तसाच हाय तिचा, खाली पडत नाई."

"काकी, मला खरंच काही माहीत नव्हतं. मी लहान होते."

"होती न. बांधावर बसली होती. टाळ्या वाजवून रायली होती." तिने हे अगदी मायेने म्हटलं. "लय छान फ्राक होता तुझा. पिवरा."

मला तिथे बसवेना.


१६ नोव्हेंबर

उमेंद्रला फोन केला की तारीख पुढे ढकल. काकीने माझ्या हातातून फोन घेतला. "काही ढकलू नको बापा. मी येते."


२३ नोव्हेंबर, रविवार

झालं रेकॉर्डिंग. सहाही गाणी.

सगळ्या ओळी तिच्या स्वतःच्या. माझं पाणी काढून टाकलं. फलाटावरची दुनिया कान लावून पुन्हा उभी राहिली. चौसष्टाव्या वर्षी तिने खुर्ची नाकारली, उभ्यानेच गायली, जरा पुढे वाकून, पदर खोचून. काचेपलीकडून बघताना मला तिच्या पायाखाली चिखल दिसत होता.

भानगड झाली ती कोरसवरून. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. अख्ख्या ओळीएवढा वेळ. फक्त ढोलकी. मग पुढची ओळ.

उमेंद्र म्हणाला, "काकी, टेन्शन नको. तुमचाच आवाज मी चार वेळा टाकतो, झाला कोरस. पता भी नहीं चलेगा."

"मले त पता चलन!"

"मग रुचीला म्हणू द्या."

मी उठलेच होते. काकीने हात केला. "तू म्हणशील त लोक म्हणतील, मागं रांग हाय. नाई हाय न. नाई त नाई. मोकरी जागा ठेव."

"काकी, लोगों को लगेगा मोबाईल हँग हो गया!"

"लागू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं.  त्या मोकळ्या जागेत कोणाचा आवाज यायला हवा होता, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. तसंच ठेवलं. प्रत्येक ओळीनंतर ढोलकी चालते आणि कोणीच येत नाही. 

जिना उतरताना काकी म्हणाली, "वाट पाहून काही गाणं शिळं होत नाई."


१४ डिसेंबर

आज 'तिसरा माळा' इंटरनेटवर आला! काकीच्या सुनेने शेजारणींना बोलावून टीव्हीवर लावलं. लिफ्टच्या गाण्याला पोरंटोरं नाचली. देवेंद्र टीव्हीच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "आई, एवढा मोठा आवाज होता तुझा?"

"तूच त दार लावत होता."

"मी नाही, ती!" सगळे हसले.

खाली लोकांनी लिहिलेलं काकीला वाचून दाखवलं. 'आवाज बढ़िया, गाना अटक रहा है भाई.' 'एडिटिंग सुधारा.' 'कोरस कहाँ है?' काकी म्हणते, बरोबर इचारून रायले.

लिंक बाबांच्या मोबाईलवर पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या. बस.


२१ डिसेंबर

काकी सातव्या गाण्यावर आहे. गिझरचं. मी ओळी परत देते — वहीशिवाय. आज चारांतली एकच दिली. ती म्हणाली, "आता खरी रांग झाली तू. आळशी हाय, पन खरी."


११ जानेवारी

घरी फोन केला. बाबा म्हणाले, इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, उन्हाळी धानाचे पऱ्हे तयार आहेत, थंडी फार आहे. मी विचारलं, आईने गाणी ऐकली का?

"का माहीत. मोबाईल मागत राहते दुपारी. मी म्हणतो, शिरियल पाहत असन."

"काही म्हणाली?"

"तुझी माय काही म्हणते का कधी?"

संध्याकाळी काकीने विचारलं, "तिकडून काही?" पहिल्यांदाच विचारलं. मी नाही म्हटलं. ती लगेच गॅलरीतले कपडे काढायला गेली. कपडे अजून ओलेच होते.


२५ जानेवारी

माझ्या जुन्या आठवणींचं मी काय करायचं ते कळत नाही. फेकवत नाहीत. आज सकाळी वर्गात मुलींना 'माझे बालपण' निबंध दिला आणि मीही त्यांच्यासोबत लिहायला बसले. बांध, पिवळा फ्रॉक, टाळ्या. मग शेवटी उभी असलेली काकीही लिहिली. चिखलात, शेवटच्या जागी, तोंड हलतंय. विचित्र म्हणजे दिवस तितकाच उजेडाचा राहिला. फक्त आता त्यात एक माणूस जास्त आहे.


३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी आवाज पाठवला. छप्पन्न सेकंद. खाली लिहिलं होतं — आज रोवणा सुरू. पयलं गाणं.

ऐकलं आणि वर्ग सोडून धावत काकीकडे गेले. गॅलरीत मोबाईल तिच्या कानाशी धरला. आधी पाण्यात पाय पडल्याचा आवाज. मग कुठूनतरी, बारीक, बांधावर ठेवलेल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाईलमधून काकी स्वतःच गाताना — नाव नाई, गाव नाई, आवाज तिचा खरा. मग ती मोकळी जागा. ढोलकी. आणि आईचा आवाज, एकटीचा, मोठा —

नाव सुशिला, गाव आपला, आवाज तिचा खरा

दुसऱ्यांदा अख्खी रांग. तेच शब्द.

काकी म्हणाली, परत लाव. लावलं. मग ती उठली, आत गेली, चप्पल घालूनच बाहेर आली.

"बल्लारशा गाडी किती वाजता हाय वं?"